दोरी काप

विजयदुर्गच्या अलीकडे, वाघोटण खाडीच्या काठावर एक काळं खडप आहे. सुकती लागली की ते हळूहळू पाण्याबाहेर येतं आणि त्याच्या अंगावरची कालवं उन्हात चमकायला लागतात. आजोळच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मी गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, शिकले ती याच खडपावर, मामांच्या शेजारी बसून. तेव्हा ना रॉड होता ना रीळ. बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी आणि गरीला सोललेलं सुंगट, म्हणजे कोळंबी. तंगूस तर्जनीवरून सोडायचं आणि बोटानेच ऐकायचं.

मामांच्या पिशवीत तीन हत्यारं असायची. एक लाकडी मुठीची बारकी सुरी. तिच्या मुठीला जुनं तंगूस आवळून गुंडाळलेलं, म्हणजे ओल्या हातातून ती सटकत नसे. एक पक्कड, होडीच्या इंजिनाची कामं करून म्हातारी झालेली. आणि एक बांबूची काडी, बोटाएवढी जाड, वीतभर लांब, एका टोकाला चिरलेली. ही काडी कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. पिशवीत नेहमी काहीबाही असतं, तसं ते असेल असं धरून चालले.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आले. वर्षातून तीन-चारदा आजोळी जाते, आणि गेले की खडपावर जातेच. बाटलीची जागा रॉडने आणि रिळाने घेतली. मग पिशवीत तीन हत्यारं कशाला, खिशात मावेल असं एकच मल्टिटूल घ्यावं असं मनात आलं. शहरातल्या एका दुकानात घेतलं, चारशे रुपयांना. खोक्यावर ‘पंधरा कामं, एक हत्यार’ असं छापलेलं. पक्कड, सुरी, करवत, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, तीन जातींचे स्क्रू ड्रायव्हर, चावी अडकवायची कडी. हातात घेतल्यावर बरं वाटलं होतं. जड होतं, आणि जड म्हणजे मजबूत अशी माझी समजूत होती.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली पहाट. षष्ठी होती, म्हणजे भरती साडेचारच्या सुमाराला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा मामांचा हिशोब. तो ढोबळ आहे, पण खडपावर जायला पुरतो. आम्ही पाच वाजता पोचलो, पाणी नुकतं फिरलं होतं. उजाडता उजाडता माझ्या दोरीला झटका बसला आणि तळहाताएवढी तांबोशी वर आली. तांबूस अंग, उभा राहिलेला पाठीवरचा काटा, आणि तोंडातून बाहेर आलेली नुसती दोरी. गरी दिसतच नव्हती. ती गिळली होती.

खाडीत मिळणारी एवढी तांबोशी म्हणजे पोर. तांबोशीचं बालपण खाडीत, कांदळवनाच्या मुळांशी जातं. मोठी झाली की ती खोल समुद्रातल्या खडकांकडे जाते आणि अंडी तिथे घालते. पूर्ण वाढलेली तांबोशी माणसाच्या हाताहून लांब होते. तळहाताएवढी घरी न्यायची नाही, हे आमच्याकडे कोणी कायदा म्हणून सांगत नाही, पण नेत नाहीत. मलाही ती सोडायचीच होती.

डाव्या हातात मासा. उजव्या हाताने मल्टिटूल काढलं. ते एका हाताने उघडेना. आदल्या खेपेच्या खाऱ्या पाण्याने सांधा धरला होता. मासा गुडघ्याखाली दाबून दोन्ही हातांनी उघडलं. पकडीचं नाक जाड, बोटाच्या पेरासारखं बोथट, त्या इवल्या तोंडात शिरेना. शिरलं तेव्हा गरी दिसेना. मी अंदाजाने धरून ओढलं. पकडीची टोकं एकमेकांवर नीट बसत नव्हती, गरी निसटली. पुन्हा धरलं, पुन्हा ओढलं. मामा पलीकडून म्हणत होते, ‘‘ओढू नको गो, ओढू नको.’’ मला वाटलं, हळू ओढायला सांगतायत. तिसऱ्या वेळी गरी आली आणि तिच्याबरोबर कल्ल्यांतून रक्त आलं. मासा मी पाण्यात धरून ठेवला, पुढे-मागे केला, तोंडाकडून पाणी आत जाऊ दिलं. तो आडवा झाला तो झालाच.

मामा जवळ येऊन बसले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘दोरी कापूक व्हयी होती.’’

मी मल्टिटूल निवडायला खरी सुरुवात केली ती त्या दिवसापासून. तोवर मी फक्त खरेदी केली होती.

पुण्याला परत आल्यावर एक वही केली. प्रत्येक खेपेला हत्यार कितीदा काढलं आणि कशासाठी, एवढंच लिहायचं. वर्षभर लिहिलं. डबा एकदाही उघडला नव्हता. करवत एकदा वापरली, किनाऱ्यावर वाहून आलेल्या जाळ्याच्या दोरखंडात पाय अडकलेलं एक कासव होतं तेव्हा, आणि तेही सुरीने जास्त लवकर झालं असतं. स्क्रू ड्रायव्हर दोनदा, रिळाचा हॅण्डल ढिला झाला म्हणून. बाकी पानंच्या पानं एकाच क्रियापदाने भरली होती. कापलं. गाठीचं शेपूट कापलं, अडकलेली दोरी कापली, सुंगट कापलं, गुंता कापला. पकडीचं काम कापण्याच्या निम्मंही नव्हतं. ज्या कामासाठी मी हत्यार घेतलं होतं आणि ज्या कामाला ते हातात येत होतं, ती दोन वेगळी कामं होती.

कापण्याचंही एक शास्त्र आहे. तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, ती कशानेही कापली जाते, दातानेसुद्धा. (दाताने कापू नये. दातांची झीज होते आणि मामांच्या पुढच्या दाताला त्याची खूण आहे.) पण आता रिळावर बहुतेकांची असते ती विणलेली दोरी, ब्रेडेड. अतिशय बारीक धाग्यांची वेणी. हे धागे पॉलिथिनच्या कुळातले, मेणासारखे गुळगुळीत, आणि ओढीला विलक्षण चिवट. साधं पातं त्यांच्यावरून घसरतं. पकडीच्या मुळाशी तार तोडायची जी जागा असते ती या दोरीला चिमटते, चपटी करते, पण तोडत नाही. कारण तार कडक असते, दाबली की तुटते. ही दोरी दाबली तर नुसती वळते. तिला लागते कात्री, आणि कात्रीच्या एका पात्याला बारीक दाते. दाते दोरीला जागच्या जागी धरून ठेवतात, दुसरं पातं येऊन कापतं. दातेरी सुरीनेही कापता येते. पण हातात जिवंत, वळवळणारा मासा असताना त्याच्या तोंडाशी उघडी सुरी नेणं मला पटत नाही. कात्रीची टोकं बोथट असतात. माशाने अंग झटकलं तरी ना त्याला लागतं ना मला.

म्हणून दुकानात जाताना मी पर्समध्ये दोन्ही दोऱ्यांचे तुकडे घेऊन जायला लागले. कात्री उघडायची, दोरी ढिली लोंबकळत धरायची आणि कापायची. ताणून धरलेली दोरी कुठलीही कात्री कापते, ढिली कापली तर ती कात्री. मग पक्कड मिटून उजेडाकडे धरायची. नाकाच्या टोकाला आधी मिळायला हवं, आणि मुळाकडे केसाएवढी फट दिसायला हवी. उलटं असेल, म्हणजे मूळ चिकटलंय आणि टोकाला उजेड दिसतोय, तर ती पक्कड गरी धरणार नाही, सोडणार. माझ्या चारशे रुपयांच्या पकडीला टोकाशी ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट होती. ती मी कधी पाहिलीच नव्हती. तिसरं म्हणजे सगळं डाव्या हाताने उघडून पाहायचं. आणि हात ओला करून. दुकानदाराकडे पाण्याची बाटली मागितली की बहुतेक जण कौतुकाने देतात.

एका हाताने उघडणं हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मामा म्हणायचे, ‘‘हातात दोन वस्तू ऱ्हवतत, तिसरी खंयसून हाडतलंस?’’ गरवणाऱ्याचा एक हात कायम गुंतलेला असतो. रॉडला, नाहीतर माशाला, नाहीतर खडपाला धरून.

खिशातल्या पकडीची कल्पना ज्याची, त्या टिम लेदरमनची गोष्ट मला आवडते. १९७५ साली तो आणि त्याची बायको एका जुन्या फियाटमधून युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि त्याच्या खिशात होता नुसता स्काउटचा चाकू. प्रत्येक वेळी त्याला पक्कड हवी होती. घरी परतल्यावर तो चाकूत पक्कड बसवायच्या मागे लागला, आणि पहिलं हत्यार विकायला १९८३ साल उजाडलं. आठ वर्षं. म्हणजे या हत्याराचा जन्म गळक्या नळातून आणि बंद पडलेल्या गाडीतून झालाय, माशातून नाही. ते मनात ठेवलं की मग त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही ते नीट कळतं. मासे धरणाऱ्यांचा विचार स्विस चाकूवाल्यांनी वेगळा केला होता. त्यांच्या काही चाकूंत एक लांबट पट्टी असते. तिच्या कडेने खवले काढता येतात, अंगावर मोजपट्टीच्या खुणा असतात, आणि टोक दुबेळकं असतं, दोन दातांचं. ते दुबेळकं टोक मी पहिल्यांदा पाहिलं आणि थबकले. ही तर मामांची बांबूची काडी होती.

पुढच्या खेपेला मामांना काडीबद्दल विचारलं. त्यांनी करून दाखवलं. दोरी ताठ धरायची आणि काडीच्या चिरेत घालायची. मग दोरीवरूनच काडी खाली सरकवत न्यायची, माशाच्या तोंडात, घशात, गरीच्या वळणापर्यंत. गरी डोळ्यांना दिसत नसली तरी दोरी काडीला बरोबर तिथे नेते. वळणाला टेकली की ओढायचं नाही, खाली ढकलायचं. गरीला उलटा काटा असतो. ती ज्या वाटेने शिरली त्या वाटेने ढकलली तरच तो काटा मांसातून सुटतो. सुटली की काडी आणि गरी एकत्र बाहेर येतात, गरीचं टोक काडीला टेकलेलं, म्हणजे येताना कुठे रुतत नाही. मी तीनदा ओढलं होतं. मामा ‘ओढू नको’ म्हणत होते ते शब्दशः म्हणत होते.

आणि काडीनेही सुटत नसेल तर? तर दोरी कापायची. जमेल तितकी तोंडाजवळ, आणि गरी आतच राहू द्यायची. गिळलेली गरी ओढून काढलेल्या माशापेक्षा दोरी कापून सोडलेला मासा जगण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. मामांना ते माहीत होतं ते बघून बघून. पण त्यात एक अट आहे. गरी गंजणारी हवी. साध्या पोलादाची गरी खाऱ्या पाण्यात आणि माशाच्या अंगात झिजत जाते, गळून पडते. स्टेनलेसची गरी तशीच राहते. दुकानात ‘कधीच न गंजणाऱ्या’ म्हणून ज्या महाग गऱ्या दाखवतात त्या मी आता घेत नाही. खिशातलं पोलाद गंजू नये आणि माशाच्या पोटातलं लवकर गंजावं, अशी दोन उलटी मागणी घेऊन मी दुकानात शिरते.

खिशातलं पोलाद गंजू नये म्हणायला सोपं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं असं आपण धरतो, पण मिठाची भीती त्यालाही असते. पोलादात साडेदहा-अकरा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. तोच त्याचं रक्षण करतो, आणि ओरखडा गेला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःला पुन्हा सांधतो. मिठातलं क्लोराइड या पापुद्र्याला सुईने टोचावं तशी भोकं पाडतं. उघड्या अंगावर ती भोकं भरून निघतात. पण सांध्यात, खिळीच्या भोवती, दोन पात्यांच्या फटीत खारं पाणी अडकून बसतं. तिथे नवा ऑक्सिजन पोचत नाही, पापुद्रा सांधला जात नाही, आणि गंज आतून सुरू होतो. म्हणून हत्यार वरून लखलखीत दिसतं आणि एके दिवशी उघडत नाही. माझ्या बाबतीत झालं ते हेच.

त्यात सुरीच्या पोलादाची आणखी एक अडचण. धार टिकायला पोलाद कडक हवं, कडक व्हायला त्यात कार्बन हवा, आणि तो कार्बन थोडं क्रोमियम स्वतःपाशी बांधून घेतो. म्हणजे धार जितकी टिकाऊ तितकी मिठाशी झुंज कमी, असा साधारण व्यवहार. काही समुद्री चाकूंत कार्बनऐवजी नायट्रोजन वापरून हा पेच सोडवलाय. जपानी एच-१ पोलाद त्यातलं, ते गंजाला जवळजवळ दाद देत नाही. पण तसं पातं असलेलं आणि मला हव्या त्या कात्रीचं मल्टिटूल मला मिळालं नाही. अॅल्युमिनियमच्या हलक्या पकडी मिळतात, खास मासेमारीच्या. त्यांत पोलादाचे स्क्रू असतील तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आधी झिजतं, स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी जमायला लागते. ती दिसली की समजावं.

उपाय साधाच आहे आणि तो मामांचाच. ‘‘लोखंडाक गोडां पाणी दाखय.’’ घरी आल्या आल्या, मासे धुवायच्याही आधी. हत्याराची सगळी पाती उघडायची, विहिरीच्या पाण्यात बुडवायची, पाण्यातच प्रत्येक सांधा दहा-बारा वेळा उघडमीट करायचा. नुसतं वरून धुतलं तर फटीतलं मीठ जागेवरच राहतं. मग झटकून, फडक्याने टिपून, वाऱ्यावर उघडं ठेवायचं. पूर्ण वाळल्यावर सांध्याला तेलाचा एक थेंब. खोबरेल लावू नये, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि वाळू धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते बरं. आमिष आणि मासा ज्याला लागणार त्याला यंत्राचं तेल लावायला माझं मन धजत नाही. आणि चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नये. चामडं खारं पाणी पितं आणि धरून ठेवतं.

खिशाबद्दल सांगायला हवं. मल्टिटूलच्या सगळ्या वर्णनांत खिसा गृहीत धरलेला असतो. मी सलवार-कमीज घालून खडपावर जाते. कापसाची सैल सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली की पाण्यात पाय टाकता येतो, आणि उन्हाचं काही वाटत नाही. तिला खिसा नसतो, आणि शिवून घेतला तर पाव किलोच्या हत्याराने तो लोंबतो. लेदरमनच्या कंपनीचं वेव्ह नावाचं मल्टिटूल २४१ ग्रॅमचं, स्केलेटूल नावाचं १४२ ग्रॅमचं. कागदावर शंभर ग्रॅमचा फरक काही वाटत नाही, पण कंबरेला बांधून कालवांवरून तोल सांभाळत चाललं की वाटतो. मी शेवटी कमरेला एक नाडी बांधते, तिला हातभर दोरीने हत्यार अडकवते. दोरी एवढी लांब की हात पूर्ण लांबवता यावा, आणि एवढी आखूड की हत्यार सुटलं तर पाण्यापर्यंत पोचू नये. गरवणाऱ्या बायका आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. खाडीच्या काठावर कितीतरी जणी नुसत्या तंगुसावर काळुंदरं काढतात, आणि त्यांची सुरी कासोट्यात खोवलेली असते. ती जागा खिशापेक्षा चांगली आहे. हात न बघता तिथे जातो.

वेव्ह मी जवळजवळ घेतलंच होतं. त्याची सुरी बाहेरून, पक्कड न उघडता, अंगठ्याने उघडते. शिवाय त्यात कानस आहे, तिच्या एका अंगाला हिऱ्याची पूड बसवलेली, गरीचं टोक परजायला उत्तम. पण त्याची कात्री आतल्या अंगाला. ती काढायची तर आधी पक्कड उघडायची. ज्याला झाडावर, मचाणावर, सायकलवर काम आहे त्याला ते चालेल. मला माशाच्या तोंडाशी दोन सेकंदांत कात्री हवी होती. म्हणून ज्याची कात्री बाहेरच्या बाजूला आहे आणि एका अंगठ्याने उघडते असं घेतलं. पक्कड बारीक नाकाची, टोकाशी नीट मिटणारी. सुरी दातेरी, उघडल्यावर कुलूप पडणारी, कारण ओल्या हातावर न अडकणारी सुरी मिटली तर बोटावरच मिटते. कानस आहे. करवत नाही, डबा उघडायचं नाही. कामं मोजली तर पंधराच्या निम्मी.

पकडीला कमी लेखत नाही मी. तिचं सगळ्यात मोठं काम आता घरीच होतं, आदल्या रात्री. प्रत्येक गरीचा उलटा काटा पकडीच्या टोकात धरून दाबायचा, सपाट करायचा. एवढं केलं की गरी आली तशी मागे सरकते, माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही. भाच्याच्या अंगठ्यात गेल्या दिवाळीत गरी रुतली तेव्हा ती एका झटक्यात निघाली. काटा तसाच असता तर पुढून टोक बाहेर काढून, काटा पकडीने तोडून मग मागे घ्यावी लागली असती. तरी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं त्याला, ते चुकवू नये. शिंगाळ्याला तर हाताने धरायचंच नाही. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे, तिन्ही विषारी. गरी पकडीत धरायची आणि मासा पाण्यावर आडवा करून सोडवायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तास-दीड तास बुडवून ठेवायचा. ते विष उष्णतेने मोडतं. भाजेल इतकं मात्र गरम नको, कारण बधिर झालेल्या हाताला कळत नाही.

दाबलेल्या काट्याने मासे जास्त सुटतात, हे खरं. दोरी ढिली पडली की गेला. मला त्याचं काही वाटेनासं झालंय. महाडजवळ वाळण कोंडात काळ नदीचे मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाहीत. तिथे काठावर उभं राहून चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे अंगावर अंग टाकत वर येतात. आई मला लहानपणी तिथे घेऊन गेली होती. ती वाकून त्यांच्याशी बोलत होती. घरी रोज मासे करणारी माझी आई. तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मलाही वाटत नाही.

यंदा दसऱ्यानंतर गेले तेव्हा मामा खडपावर आले नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. मी एकटीच गेले. सुकतीचं पाणी संथ होतं. दोन मुडदुशी मिळाल्या. मग दोरी जड झाली आणि तांबोशी वर आली, तळहाताहून थोडी मोठी. गरी दिसत नव्हती. मी बसले, पाय पाण्यात सोडले, मासा पाण्यातच ठेवून डाव्या हाताने खालून आधार दिला. बांबूची काडी आता माझ्याही पिशवीत असते. ती दोरीवरून सरकवली, एकदा ढकलून पाहिलं. सुटली नाही. दुसऱ्यांदा केलं नाही. अंगठ्याने कात्री उघडली, ओठांशी नेली आणि दोरी कापली. मासा हातात क्षणभर तसाच राहिला, कल्ले उघडमीट करत. मग हात हलका झाला.

घरी आले तेव्हा मामा पडवीत बसले होते.

‘‘किती?’’

‘‘दोन मुडदुशी. एक तांबोशी सोडली.’’

‘‘गरी काडलंस?’’

‘‘नाय. दोरी कापली.’’

त्यांनी हात पुढे केला. मी कमरेची दोरी सोडून हत्यार त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्याने कात्री उघडली. शेजारी पडलेलं तंगुसाचं जुनं तुकडं उचललं, ढिलं धरलं आणि कापलं. मग काठी टेकत उठले, कळशीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि पायरीवर बसून हत्याराचा एकेक सांधा पाण्यात उघडमीट करायला लागले.